डिसेंबरात या, पण माझ्या वेळापत्रकाने

कैरो

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी नकाशा उघडून जाहीर केलं की कैरो ते अस्वान 880 किलोमीटर आहे, गाडी भाड्याने घेतली की एका दिवसात होतं. आई म्हणाली, विमान एकदा येताना, एकदा जाताना. मध्ये नाही, आणि बोटीचं नावही काढू नकोस. फोनवर तुमच्या दोघांशी एकाच वेळी वाद घालणं मला जमत नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

डिसेंबर नाहीतर जानेवारीत या. मार्चपासून इकडे खमसीनचा वारा सुटतो, आभाळ पिवळं पडतं, आणि वाळू जास्तच उडाली तर रस्ते बंद, विमानंही खोळंबलेली.

बाबा, या देशात किलोमीटर मोजून उपयोग नाही, पाणी कुठे आहे ते बघायचं. सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचा देश, माणसं दहा कोटींच्या वर, आणि त्यातली जवळजवळ सगळी नाईलच्या दोन काठांवर आणि उत्तरेच्या त्रिभुज प्रदेशात. त्यामुळे रेल्वे, जुना रस्ता, कालवे, बोटी, सगळं एकाच चिंचोळ्या पट्टीत. नवे मोठे रस्ते वाळवंटातून जातात खरे, पण हिवाळ्यातल्या सकाळी धुक्याने तेही अडतात. शिवाय जागोजागी तपासणी नाके. एका दिवसात अस्वान होईलही, पण तुमची पाठ दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरायची नाही.

म्हणून कैरो ते लक्झर रेल्वेने, आणि तेही दिवसा. रात्रीची झोपायची गाडी आहे, पण तिच्यातून बघणार काय? नऊ-दहा तास लागतात. कैरो सोडल्यावर रूळ नदीच्या पश्चिमेला असतात, नाग हम्मादीला पूल ओलांडून पूर्वेला येतात. डाव्या खिडकीशी बाबांना बसवीन. गहू, बरसीम, खजूर, आणि दक्षिणेला जावं तसा ऊस. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या हायवे अडवतात. इथे काही ठिकाणी कारखान्याचा ऊस छोट्या अरुंद रुळांवरच्या डब्यांतून जातो. शेतामागे लगेच उघडे डोंगर. एक पाय गव्हात आणि दुसरा वाळूत ठेवून उभं राहता येईल अशी जागा मी स्वतः बघितली आहे.

बाबा, तुमच्यासाठी अजून एक. बोरीबंदर-ठाणे गाडी 1853 ची; अलेक्झांड्रियाहून निघालेल्या इथल्या लोहमार्गाचा पहिला टप्पा 1854 मध्ये सुरू झाला. आफ्रिकेतला पहिला, रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेला. तेव्हा वाटेत कफ्र अझ-झय्यात गावाशी नाईलवर पूल नव्हता, डबे तराफ्यावर चढवून पलीकडे नेत. 1858 मध्ये असाच एक डबा नदीत पडला आणि इजिप्तच्या गादीचा वारस अहमद रिफअत बुडाला. म्हणून पुढे गादी त्याच्या भावाकडे, इस्माईलकडे आली, आणि 1869 मध्ये सुएझ कालव्याच्या उद्घाटनाचा थाटमाट केला तो त्याने. पूल थोडा आधी झाला असता तर! पण रूळ बघून "अरुंद वाटतात" म्हणाल, तर ते आहेतच: 1435 मिलिमीटर, आपले 1676.

परदेशी पाहुण्यांचं तिकीट वेगळं आणि महाग असतं. रुपयांत गुणाकार करत बसू नका. आई, धपाटे आणशील तर गाडीत खाऊ. चहा मिळतो, पण बिनदुधाचा आणि गोडमिट्ट.

आता बोट. आई, हा समुद्र नाही. लक्झर ते अस्वान बोट तीन-चार रात्री घेते आणि ताटलीतलं वरणसुद्धा हलत नाही. इस्नाला बांध आहे. बोट दारांमधल्या हौदात शिरते, दारं बंद होतात, पाणी भरत जातं आणि आपण वर. त्याआधी रांगेत थांबावं लागतं, तेव्हा छोट्या होड्यांतून विक्रेते येतात आणि टेबलक्लॉथ, झगे प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर फेकतात. भाव खालून वर, वरून खाली, ओरडून ठरतो. पटलं तर पैसे पिशवीतून खाली टाकायचे, नाही तर माल परत. गुलमंडीच्या बाजारात जे काही शिकली आहेस ते सगळं तिथे वापर.

अस्वानला फलुकेत, म्हणजे इथल्या शिडाच्या होडीत, फक्त एक तास बसू. नाईल वाहते उत्तरेला आणि वारा बहुतेक वेळ येतो उत्तरेकडून. म्हणजे दक्षिणेला जायचं तर शीड उभारा, परत यायचं तर उतरवून प्रवाहावर सोडा. इंजिन नसताना हजारो वर्षं दोन्ही बाजूंची वाहतूक फुकटात चालली ती यामुळे. चित्रलिपीतही दक्षिणेकडच्या प्रवासाला शीड उभारलेली नाव काढत, उत्तरेकडच्याला शीड उतरवलेली.

अबू सिंबेलची डोंगरात कोरलेली देवळं मात्र रस्त्याने. अस्वानहून 280 किलोमीटर, पहाटे चारला निघायचं. विमानानेही पाऊण तासात जाता येतं आणि आईच्या गुडघ्यांचा विचार करता तेच शहाणपणाचं, पण मग वाळवंट बघितलं असं म्हणता यायचं नाही. उन्हं चढली की लांबवर पाणी दिसायला लागतं आणि ते खोटं असतं. अस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून 1964 ते 1968 मध्ये ती देवळं कापून, उचलून साठ-पासष्ट मीटर वर बसवली. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत, हे धरून वेळ ठेवला आहे.

अस्वानहून कैरोला विमानानेच. इथे आईला ऐकावं लागेल, कारण परत तेवढंच रेल्वेत बसणं तुम्हा दोघांना झेपणार नाही. सव्वा-दीड तासाचा प्रश्न आहे.

कैरोत घराजवळ मेट्रो आहे, 1987 ची, हीसुद्धा आफ्रिकेतली पहिली. मधले डबे बायकांचे. आई, आपण तिथे, बाबा गर्दीत. मायक्रोबसमध्ये मागून पैसे पुढे सरकवायचे, सुटे तसेच हातोहात मागे येतात. कोणी पैसे दिले नाहीत हे ड्रायव्हरला आरशातूनच कळतं. आणि गल्ल्यांमध्ये तुमच्या ओळखीच्या रिक्षा! बाबा, बजाजचं नाव वाचून पहिल्यांदा मी रस्त्यातच थांबले होते. वाळूजच्या शेडमध्ये तुम्ही ज्या गाड्यांचे भाग बनवलेत, त्यांच्या बहिणी इथे टेपवर गाणी लावून धावतात. 2021 मध्ये सरकारने त्यांचे मुख्य सुटे भाग आयात करायला बंदी घातली, त्यामुळे आहेत त्याच ठोकून-जोडून चालवतात. त्या मेकॅनिकशी तुमची भाषा जुळणार नाही, पण पाना जुळेल.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवा, सरळ धरून काढलेले. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. पहाटे वाळवंटात थंडी असते, स्वेटर आणाच.

लक्झरला पहाटे गरम हवेच्या फुग्यातून वरून सगळं बघता येतं. 2013 मध्ये तिथे एक फुगा पेटून 19 माणसं गेली, शिवाय टोपलीत चढायला पाय बराच उचलावा लागतो, त्यामुळे तो बेत मी धरलेला नाही. आई, तू हे वाचलंच नाहीस असं समज. बाबांचं मत वेगळं असेल, तर त्यांनी मला वेगळा मेसेज करावा.

तुमची,
मनू