हवामानाच्या बातमीत किडीचं पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला, कांदा आणि टोमॅटो करतो. दर हिवाळ्यात तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, ढगाळ हवामानामुळे कांद्यावर रोगराई, शेतकरी चिंतेत. बातमी खोटी नाही साहेब, पण ती वाचली की गावातले सगळे औषधाच्या दुकानात पळतात आणि दुकानदार एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, वर टॉनिक अन स्टिकर (औषध पातीला चिकटवणारं द्रावण) हातात ठेवतो. मागच्या वर्षी मी पण आठ दिवसात दोन फवारण्या मारल्या, रानात नेमकं काय आहे ते न बघताच.

ढगाळ या एका शब्दात सगळं कोंबून चालत नाही. आभाळ आणि दव असलं की करपा वाढतो, पण ती बुरशी आहे, किडीचं औषध तिला लागू पडत नाही. मावा, म्हणजे पातीचा रस शोषणारी बारीक कीड, म्हणाल तर त्याला गारवा आणि आभाळ दोन्ही मानवतं. फुलकिड्याचं, म्हणजे आपल्या थ्रिप्सचं मात्र उलटं, त्याला कोरडी हवा आणि ऊन पाहिजे. 30 अंशाच्या आसपास त्याची एक पिढी साधारण दोन आठवड्यात उरकते, थंडीत त्यालाच महिना लागतो. आपल्याकडे पारा पार खाली गेला की तो मंदावतो, मग आभाळ येतं, रात्रीची थंडी हटते आणि त्याची वाढ परत सुरू होते, म्हणजे आभाळापेक्षा रात्रीचं तापमान बघायला पाहिजे. जोराचा पाऊस झाला तर पातीवरचे थ्रिप्स धुऊन जातात, पण फेब्रुवारी-मार्चला पाऊस कुठला, ऊन वाढत जातं आणि उशिरा लावलेला कांदा नेमका तेव्हाच सापडतो.

यंदा मी एक केलं, फवारायच्या आधी कांद्याची पात पांढऱ्या कागदावर झटकली. रव्याच्या कणाएवढी पिवळट पिल्लं कागदावर चालायला लागली, पात गाभ्यापाशी उघडून बघितली तर तिथं गर्दी. अंडी पातीच्या आत, कोष मातीत, म्हणून एका फवारणीत सगळे मरतच नाहीत. आणि यांनी पात खरवडली की त्या जखमेतून करप्याला वाट मिळते ते वेगळंच.

टोमॅटोचं तर अजून अवघड. पावसाने ओढ दिली की पांढरी माशी वाढते, ती पान आकसायचा व्हायरस आणते, आणि एकदा झाड गोळा झालं की त्यावर औषधच नाही. तिथं रोप लहान असतानाच पिवळे चिकट सापळे लावून माशीवर नजर ठेवावी लागते, मग घाबरून काही उपयोग नाही.

विनंती एवढीच, हवामान खातं आणि कृषी विद्यापीठ मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला काढतात, तो आपल्या जिल्हा पानावर चौकटीत छापा. रात्रीचं तापमान किती राहणार, पाऊस आहे का नाही, आणि त्या आठवड्यात कांद्यात, टोमॅटोत, कोबीत कोणती कीड शोधायची, एवढ्या चार ओळी. म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवरची पीडीएफ उघडता येत नाही, पेपर मात्र ते रोज शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक