मार्गशीर्षातला मोगरा

पुणे, नोव्हेंबरअखेर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू अकरावीत असताना हट्टाने आणलेला बटमोगरा फुललाय. काल मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी घटापुढे शेवंतीच्या शेजारी घरचा मोगरा होता. बाबा तर आरतीच्या आधीच दोनदा येऊन वास घेऊन गेले. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘फोटो टाक’ म्हणाली असतीस आणि विषय तिथेच संपला असता. पण तो आत्ताच का फुलला हे मला कळलंय, आणि ते तुझ्याच अभ्यासातलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

मोगरा चैत्र-वैशाखाचा. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडायचं, छाटणी करायची, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं, की कोवळे फुटवे येतात आणि त्यांच्या टोकाला कळ्या धरतात. जुन्या, जून फांदीवर बसून कळीची वाट पाहण्यात अर्थ नसतो. हे सगळं आपण दर वर्षी करत आलो. तरी झाडाला नुसत्या लांबच लांब, लेच्यापेच्या फांद्या यायच्या आणि गर्द हिरवी पानं. उन्हाळ्यात माठात टाकायला चार फुलं मिळाली तरी खूप. खत, माती, कुंडीचा आकार, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, अवेळी मोगरा फुलणं हा शुभशकुन आहे. त्यांना मनापासून आनंद झाला होता आणि मलाही बरं वाटलं. पण मी जन्मभर भूगोल शिकवला. दक्षिणेकडची ती चार मजली जुनी इमारत तुझ्यासमोरच रिकामी झाली होती. पुनर्विकासासाठी ती ऑगस्टमध्ये पूर्ण पाडली. सप्टेंबरपासून बाल्कनीत ऊन येऊ लागलं आणि आता तर ते दार ओलांडून हॉलमध्ये सोफ्यापर्यंत येतं.

उन्हाळ्यात इतकं ऊन आपल्याकडे कधीच नव्हतं. ते का, हे तुला सांगायला नकोच, पण मला लिहून बघायचंय. पुणे साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्याला शून्य सावलीच्या दिवशी दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच असतो, आणि त्याआधी एप्रिलमध्येही जवळजवळ डोक्यावरच. म्हणजे ज्या महिन्यांना आपण उन्हाळा म्हणतो, तेव्हा आपली दक्षिणेची बाल्कनी वरच्या स्लॅबखाली सावलीत बसलेली. आत्ता दक्षिणायनात सूर्य दुपारीसुद्धा ५० अंशांच्याच आसपास असतो, त्यामुळे तिरपं ऊन स्लॅबखालून थेट आत शिरतं. एरवी ते त्या चार मजल्यांमागे अडायचं. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि आपल्या बाल्कनीत ते मिळण्याचा काळ हिवाळाच आहे. ते झाड आळशी नव्हतं गं. त्याच्या वाट्याचं ऊन त्याला पहिल्यांदाच मिळालं.

पितृपक्षाच्या सुमारास मी वाढलेल्या फांद्या अर्ध्यावर छाटल्या होत्या, केवळ कपडे वाळत घालताना त्या अडकायच्या म्हणून. नवे फुटवे नेमके भर ऑक्टोबरच्या उन्हात आले. सांगोल्याच्या मामाला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, तू हस्त बहार धरलास की!” म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातला बहर. त्याच्या डाळिंबाला तो पाणी तोडून ताण देतो, पानं गळू देतो आणि बाजार बघून आंबे (जानेवारी-फेब्रुवारीतला), मृग (जून-जुलैतला) किंवा हस्त बहार धरतो. आपल्या कुंडीला ताण कुणी दिला नाही, पण झाडाच्या वेळा बदलता येतात हे त्याचं म्हणणं मला फार आवडलं.

फुलं मेमधल्यापेक्षा लहान आहेत. टोकाला तीन-तीन कळ्या, मधली आधी फुलते. उन्हाळ्यात संध्याकाळी तोडलेली कळी रात्रीतून उमलते, आता थंडीत दुसऱ्या दिवशीची दुपार होते. वासही हलका आहे, जवळ जावं लागतं. मला तो असाच अधिक आवडला. सुकताना पाकळ्यांच्या कडा गुलाबी-जांभळ्या होतात, त्याही मी टाकत नाही, ताटलीत ठेवते.

छाटणी या वेळी डिसेंबरात करणार नाही. बाबांचं म्हणणं, नेहमीची वेळ चुकवू नये. मला ते पटत नाही. कळ्या असलेल्या फांद्यांवर कात्री चालवायची कशाला? बहार पूर्ण संपू दे, जानेवारीच्या शेवटी बघू.

आता तुझं काम. समोर अकरा मजले होणार आहेत. पाया खणून झालाय. म्हणजे हे ऊन फार तर पुढचा एखादा हिवाळा आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर त्यांचा नकाशा लावलाय, त्याचा फोटो पाठवते. दोन इमारतींमधलं अंतर बाबांनी पावलांनी मोजलं, तेवढ्यावर भरवसा ठेवू नकोस, नकाशातलंच घे. कितव्या मजल्याला बाल्कनीतलं डिसेंबरचं ऊन बंद होईल ते काढून दे. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला जागा आहे, पण तिथे टाकीची सावली सकाळी किती वेळ पडेल तेही बघ. कुंडी जड आहे, लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंतच जाते आणि पुढचा जिना अरुंद आहे. तेव्हा तू नाताळच्या सुट्टीत घरी असतानाच जागा ठरवून टाकू. तिकीट काढलंस का ते कळव. तिळाचे लाडू आत्ताच करून ठेवू की तू आल्यावर, तेही.

तुझी,
आई