तेजोमेघ टिपायचे तर दिवे खाली वळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अधूनमधून तेजोमेघांची, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगांची, छायाचित्रं येतात. बहुतेक अवकाश दुर्बिणींनी घेतलेली असतात, त्यामुळे हे काम आपल्यासारख्यांचं नाही असा समज होतो. माझा लग्नाच्या फोटोंचा व्यवसाय आहे. स्टुडिओच्या भिंतीवर मृगातल्या तेजोमेघाचा मोठा प्रिंट लावला आहे. अल्बम बघायला आलेली माणसं हमखास विचारतात, "हा नासाचा का?" बार्शीजवळच्या एका शेतातून, ८० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीला जुना डीएसएलआर जोडून तो काढलाय, असं सांगितलं की तरुण मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मोठी दुर्बीण घेतली तर याहून चांगला येईल का? त्याचं उत्तर देण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. त्या उत्तराचा शेवटचा भाग नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनीही वाचावा.

दुर्बिणीच्या आधी पैसे घालायचे ते तिच्या खालच्या माउंटवर, म्हणजे ती ज्यावर बसते आणि फिरते त्या बैठकीवर. माझ्या दुर्बिणीची फोकल लेंथ ४८० मिलिमीटर आहे. ती साध्या तिपाईवर ठेवली तर पृथ्वी फिरत असल्यामुळे एका सेकंदातच तारे लांबट होऊ लागतात. ताऱ्यांच्या गतीने मोटरवर फिरणारा विषुववृत्तीय माउंट ध्रुवाकडे नीट रोखला आणि जोडीला एका ताऱ्यावर नजर ठेवून त्याची चूक सुधारणारा छोटा गाइड कॅमेरा लावला, की दोन-तीन मिनिटांचं एक्स्पोजरही गोल ताऱ्यांसकट मिळतं. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो. धुरकट हवेत आणि झाडांच्या रांगेमागे तो सहज हरवतो, म्हणून जागा निवडताना उत्तर दिशा मोकळी आहे का ते आधी पाहावं.

यानंतरची सुधारणा फुकट आहे, तिला लागतो फक्त वेळ. एकच लांबलचक फोटो काढायचा नाही, तर त्याच भागाचे अनेक फोटो घेऊन ते संगणकावर एकावर एक रचायचे. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. फोटो चौपट केले की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, निम्म्यावर येतो, म्हणून दहा फोटोंवर थांबणाऱ्याने चाळीस घ्यावेत. लेन्सला टोपी घालून तेवढ्याच वेळाचे 'डार्क' घ्यावेत, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे ठिपके नंतर वजा करता येतात. नळीच्या तोंडावर पांढरा कपडा ताणून संध्याकाळच्या उजेडात 'फ्लॅट' घ्यावेत. लग्नाच्या फोटोत सेन्सरवरची धूळ कुणाला दिसत नाही, पण तेजोमेघाचा अंधुक भाग उजळवायला गेलं की त्या धुळीची काळी वर्तुळं ठसठशीत उमटतात, आणि ती फ्लॅटशिवाय जात नाहीत. मृगातला मेघ बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला आहे. त्याचा गाभा इतका तेजस्वी की दोन मिनिटांत पांढराफटक होतो. त्यासाठी पाच-दहा सेकंदांचे फोटो वेगळे काढून नंतर मिसळावे लागतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा मूळ फिल्टर हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. तो जाणकाराकडून बदलून घेतला, की मृगातल्याच, घोड्याच्या तोंडासारख्या काळ्या अश्वमुख तेजोमेघामागचा लाल पडदा पहिल्यांदा खरा दिसतो.

आमच्या धंद्याला पौष महिना रिकामा. लग्नाचे मुहूर्त नसतात आणि मृग मात्र रात्री दहाच्या सुमारास ऐन माथ्याकडे आलेला असतो. शेतात शाळू उभा, दव इतकं की भिंगाला गरम पट्टी बांधावी लागते. वर्षातल्या याच अंधाऱ्या रात्रींची मी वाट बघतो. याच रात्री आता हातातून निसटत आहेत.

रस्त्यावरचे जुने सोडियम दिवे बहुतेक उजेड पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात देत. तेवढा पट्टा अडवणारा फिल्टर लावला की गावाच्या कडेलाही निभायचं. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा जोर आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत सलग उजेड असतो. त्यातला निळा हवेत जास्त विखुरतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या प्रकाशापुरत्या दोन अरुंद फटी ठेवणारे फिल्टर मिळतात, आणि मृगातल्या मेघाला ते उपयोगीही पडतात. पण कृत्तिकांभोवतीचा निळसर मेघ स्वतः प्रकाशत नाही. तिथली धूळ ताऱ्यांचा उजेड परावर्तित करते, त्यामुळे त्यात सगळेच रंग असतात. फिल्टर दिव्यांसोबत तोही कापून टाकतो. तिथे अंधाराला पर्याय नाही. आकाश चौपट उजळ असेल तर तोच दर्जा मिळवायला चौपट वेळ लागतो, म्हणजे शेतातल्या एका तासाचं काम गावात चार तासांचं होतं. आमच्या शेतापलीकडच्या चौकात हायमास्ट उभा राहिल्यापासून पूर्वेकडचं अर्धं आकाश मला वापरता येत नाही. त्या दिव्याचा उजेड चौकापेक्षा जास्त आडवा, ज्वारीवर आणि वर ढगांकडे जातो. चौकात उजेड हवाच, रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या बायाबापड्यांना तो लागतो, पण तो जमिनीवर पडायला हवा.

पुण्याच्या ऐन वस्तीतल्या विज्ञान महाविद्यालयात, आजच्या सीओईपीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथून याच मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. त्यांची २० इंची आरशाची दुर्बीण १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली. जगात या मेघाचं पहिलं छायाचित्र १८८० साली हेन्री ड्रेपर यांनी अमेरिकेत घेतलं, ५१ मिनिटांचं एक्स्पोजर देऊन. आज माझ्या दुकानात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातातला कॅमेरा त्या काचेच्या प्लेटपेक्षा कितीतरी संवेदनशील आहे. त्याला कमी पडतो तो काळोख.

आणि काळोख परत आणता येतो, हे महाराष्ट्रातच दिसलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतले १०० हून अधिक दिवे जमिनीकडे तोंड असलेले बसवण्यात आले. गावं अंधारात गेली नाहीत, उजेड फक्त जागेवर आला.

माझी मागणी एवढीच आहे. नव्या दिव्यांच्या निविदेत तीन अटी घालाव्यात: दिव्याला वरून आणि बाजूंनी झाकण, प्रकाशाचा रंग ३००० केल्विन किंवा त्याहून कमी (म्हणजे पिवळसर, निळा कमी असलेला), आणि हायमास्टचे दिवे आडवे न ठेवता खाली वळवलेले. जाहिरातींचे फलक रात्री अकरानंतर बंद करायला तर खर्चही नाही. सोलापूर जिल्ह्यातली जी ग्रामपंचायत निदान एका चौकातले दिवे असे बदलेल, तिला बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या आकाशाची छायाचित्रं, एकाच जागेवरून आणि एकाच सेटिंगवर, मी विनामूल्य काढून देईन. ती ग्रामसभेत शेजारी शेजारी लावावीत.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, बार्शी (जि. सोलापूर)