नजरेत मावत नाही म्हणून कुरूप?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात माझी भाची वाईहून आमच्याकडे डोंबिवलीला चार दिवस राहायला आली होती. एका संध्याकाळी लाइट गेले म्हणून आम्ही दोघी गच्चीवर गेलो. टाकीच्या बाजूला उभी राहून ती बराच वेळ नुसती बघत होती, एकीकडे मलंगगडाची रांग, एकीकडे मुंब्र्याचा डोंगर आणि मधे नजर जाईल तिथवर बिल्डिंगी, पत्रे, टॉवर, क्रेन. मग म्हणाली, "मावशी, हे संपतं कुठे गं? आमच्याकडे घाटावर उभं राहिलं की कृष्णा, ढोल्या गणपती, समोरचे डोंगर, सगळं एका नजरेत येतं. तुमचं हे शहर नजरेत मावतच नाही, याला सुंदर कसं म्हणायचं?"

मी तेव्हा काही बोलले नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहितेय. खड्डे, गर्दी, लोकल यावर तुमच्याकडे रोज पत्रं येतात आणि ती खरीच असतात, मी स्वतः ३१ वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलंय त्यामुळे मला त्यातलं काही सांगायला नको. तरीपण माझं उत्तर हो असं आहे, एवढं मोठं पसरलेलं शहरही सुंदर असतं, आणि जिथे शहर सुंदर नाही तिथे ते मोठं झालं म्हणून नाही, दुसऱ्याच कारणाने नाही.

पहिलं म्हणजे नजरेत मावण्याचं. आषाढीची वारी कुणाच्या नजरेत मावते? दिवे घाटात वर उभं राहिलं तरी एक तुकडाच दिसतो, आणि जो चालतोय त्याला तर आपली दिंडी, पुढच्याची पताका आणि शेजारणीच्या डोक्यावरची तुळस एवढंच दिसतं. म्हणून वारी सुंदर नाही असं कुणी म्हणत नाही. मुंबई पण तशीच तुकड्यातुकड्यांनी बघायची असते, आणि नुसती मुंबई कशाला, आता तर पालघर ते अलिबागपर्यंत सगळा मुंबई महानगर प्रदेश धरतात, सहा हजार चौरस किलोमीटरच्या वर. ते एकदम बघायला कोण जाणार आहे. प्रत्येकाला आपापला तुकडा मिळतो, आणि तो तुकडा कसा आहे हेच महत्त्वाचं.

माझा तुकडा मुंब्र्याचा. आमच्या वेळी सकाळची फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगदा १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून जास्तच लांब, तेवढा वेळ अंधार आणि कानाला दडे. स्लो मात्र डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जायची (२०२२ मध्ये नवीन लाइनी झाल्यापासून फास्ट पण तिकडूनच जाते, हे आताच्या मुलींचं नशीब). तर जुलै-ऑगस्टमध्ये मी आठवड्यातून दोनदा तरी वीस मिनिटं लवकर निघून मुद्दाम स्लो पकडायचे, कारण दिवा स्टेशन सुटलं की एका अंगाला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या अंगाला काळाभोर ओला डोंगर, वर मुंब्रादेवीच्या पायऱ्या ढगात गेलेल्या, आणि त्या डोंगरावरून पांढऱ्या रेघांसारखं पाणी खाली यायचं. पावसाच्या जोरावर कधी दोन धारा, कधी सात. आमच्या डब्यात कळव्याला उतरणारी एक बाई होती, मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत बसायची. मुंब्रा आलं की तिचा हात थांबायचा, खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "आज पाच आहेत." बस, एवढंच. मग पुन्हा मेथी. कितीतरी वर्षं तिने मला दुसरं काही सांगितलं नाही, नाव पण नाही, पण "आज पाच आहेत" म्हटलं की चौथ्या सीटवरच्या बायका पण वाकून बघायच्या. ओल्या छत्र्यांचा वास, कुणाचं तरी कोपर बरगडीत, आणि तरी अख्खा डबा दोन मिनिटं गप्प. वाईचा घाट सुंदर आहेच, मी लहानपणी तिथे पोहायला शिकलेय, पण त्या दोन मिनिटांपेक्षा सुंदर काही मी फार कमी बघितलंय.

आणि हे पण लिहायलाच हवं की त्याच मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ ला सकाळच्या वेळी दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यातले काही जण गेले. कामावर निघालेली माणसं. तो डोंगर तिथेच होता, खाडी तिथेच होती, पण ज्याचा एक पाय हवेत आहे आणि बोटांनी दांडा धरलाय तो कुठे डोंगर बघणार. मला बसायला जागा मिळाली म्हणून मला धबधबा मिळाला, हे मी विसरू शकत नाही. म्हणून मुंबई सुंदर आहे असं जेव्हा मी म्हणते तेव्हा ते सगळ्यांच्या वतीने म्हणता येत नाही, आणि माझं खरं म्हणणं इथूनच सुरू होतं.

व्हीटी स्टेशनचंच बघा, म्हणजे आताचं सीएसएमटी. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, स्टीव्हन्स साहेबाने डिझाइन केलं आणि नक्षीकाम जे. जे. कला शाळेच्या मुलांनी केलं. २००४ पासून जागतिक वारसा. ३१ वर्षं मी त्या वास्तूत रोज दोनदा गेले आणि समोरून एकदाही नीट बघितली नव्हती, कारण आम्ही गाडीतून उतरलो की लोंढ्याबरोबर थेट सबवेत. भाचीला घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदा रस्त्यापलीकडे, महापालिकेच्या बाजूला उभी राहिले. गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ आहे. वाघाच्या डोक्यावर कबूतर बसलं होतं, आणि त्याच्या पंजाची नखं मला एवढ्या लांबून दिसत होती. पण तिथे उभं कसं राहायचं? पाठीमागून माणसं ढकलतायत, पुढून बस. पाच मिनिटंसुद्धा निवांत उभं राहायला मिळालं नाही.

आता याच्या उलट एशियाटिकच्या पायऱ्या. टाउन हॉलची ही इमारत १८३३ ची, समोर तीस दगडी पायऱ्या. फोर्टमधल्या ऑफिसची माणसं डबा खाऊन तिथे बसतात, कॉलेजची मुलं बसतात, ज्याचं कुणी नाही तोही बसतो. तिकीट नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. शिवाजी पार्कचा कट्टा तसाच. १९२५ साली मैदान झालं, दोन वर्षांनी त्याला महाराजांचं नाव दिलं, आणि आज कुठल्याही संध्याकाळी जा, आजोबा, क्रिकेटच्या किटा घेतलेली पोरं, भांडून रुसलेलं जोडपं, सगळे एकाच कट्ट्यावर. मरीन ड्राइव्ह लोकांना का आवडतो? समुद्र तर वसई-विरारला पण आहे. मरीन ड्राइव्हला बसायला जागा आहे, लांबच्या लांब, कुणाचीही परवानगी न घेता.

मोठ्या शहराचं सौंदर्य मला वाटतं इथेच असतं, त्याने बाहेरच्या माणसाला फुकट बसायला काय ठेवलंय त्यात. आणि म्हणून "शहर पसरलं की बकाल होणारच" हे मला मान्य नाही. दादर-माटुंगा हे सुद्धा एकेकाळी शहराच्या बाहेरच होतं! १८९६ ला प्लेग आला, मग १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्यांनी शहर उत्तरेला वाढवायला घेतलं. आधी रस्ते आखले, झाडं लावली, मैदानं सोडली, मग बिल्डिंगी. पारसी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्या योजनेतलं. आज भर मे महिन्यात तिथे दुपारी चालून बघा, डोक्यावर सावली असते. ट्रस्टने सगळं चांगलं केलं असं नाही, जुन्या वस्त्यांत गरिबांची घरं पाडली त्या मानाने नवीन बांधली नाहीत, हे पण खरं. पण विस्तार करताना आधी मोकळी जागा सोडायची ही अक्कल सव्वाशे वर्षांपूर्वी या शहराला होती.

आमच्याकडे काय झालं? आमच्या लाइनवरच्या एका स्टेशनजवळ, जिथे मी पूर्वी भाड्याने राहायचे, बागेसाठी ठेवलेला एक तुकडा होता. बोर्ड लागला तेव्हा माझा मुलगा दुसरीत होता, त्याने त्या बोर्डाजवळ उभं राहून मला विचारलं होतं की घसरगुंडी कधी येणार. आता तो तिशीत आहे. तिथे टेम्पो लागतात, बोर्डाचे दोन लोखंडी पाय राहिलेत फक्त. आणि आता कल्याण-शीळ रोडला जाऊन बघा, टॉवरवर टॉवर, प्रत्येकाच्या आत गार्डन, कारंजं, वॉकिंग ट्रॅक, सगळं आहे, पण गेटच्या आत. बाहेर फुटपाथ नाही. आतला माणूस सुंदर शहरात राहतो आणि त्याच्याकडे काम करायला येणारी बाई धुळीतून चालत येते, आणि तिला दम लागला तर टेकायला दगडसुद्धा नाही. हिरवळ पूर्वीपेक्षा कमी झाली असंही नसेल, पण ती आत गेली, हे मला जास्त टोचतं.

लोकांना हे कळत नाही असं समजू नका. डोंबिवलीत दिवाळी पहाटेला फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते, नवीन कपडे घालून पोरंपोरी नुसती उभी असतात, एकमेकांना भेटतात, गणपतीचं दर्शन घेतात. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इथूनच सुरू झाली आणि मग महाराष्ट्रभर गेली. बाहेरचे विचारतात की एवढ्याशा रस्त्यावर का उभे राहता, अहो दुसरीकडे कुठे राहणार? आम्हाला मैदान दिलं नाही म्हणून आम्ही रस्त्याचा कट्टा केला, आणि त्या सकाळी तो रस्ता इतका देखणा दिसतो की माझ्या भाचीला मी फोटो पाठवले तर तिला वाटलं कुठलं तरी मोठं चौक-बिक आहे.

तर माझी एवढीच विनंती आहे. आमच्या डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांत, शीळ रोडला, नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या आजूबाजूला, पनवेल-उरणकडे आता जे काही बांधलं जाणार आहे, त्याचे नकाशे तुम्ही पेपरात छापा. टॉवर किती मजली ते नको. गेटच्या बाहेर, सगळ्यांसाठी, बसायला किती जागा ठेवलीय तेवढं छापा, आणि दर वर्षी पुन्हा जाऊन ती जागा आहे का ते बघा. झाडं किती, बाक किती, टेम्पो किती.

भाची जुलैत परत येणार आहे. तिला मी सांगून ठेवलंय की या वेळी गच्ची नाही, सकाळी लवकर उठायचं आणि माझ्याबरोबर स्लोने ठाण्याला यायचं, खिडकीची जागा मिळेपर्यंत दोन गाड्या सोडल्या तरी चालतील. मेथी पण घेणार आहे बरोबर.

आपली नम्र,
एक निवृत्त कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)