खाडा पडलेल्या दिवसाचं पण कोणीतरी छापा

प्रति,
मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत यशस्वी लोकांच्या सवयींवर अर्ध्या पानाचा लेख आला होता. पहाटे 4 ला उठा, दिवसाच्या प्रत्येक मिनिटाचं टाइमटेबल करा, 21 दिवस टिकवलं की सवय लागते वगैरे. लेख वाईट नाही, पण त्याचा माझ्या इथं काय परिणाम झाला ते सांगायला लिहून राहिलो आहे. मी नंदनवनात अभ्यासिका चालवतो, 60 सीट आहेत, राज्यसेवा, कंबाईन म्हणजे एमपीएससीची संयुक्त परीक्षा, पोलीस भरती, बँकिंग, सगळ्या प्रकारची पोरं-पोरी येतात, नऊ वर्षं झाली. त्याच्या आधी सहा वर्षं मी स्वतः अशाच खुर्चीवर बसलो होतो आणि पोस्ट काही निघाली नाही, म्हणजे "तुम्ही स्वतः काय दिवे लावले" असं कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो.

तर झालं असं की गोंदियाकडच्या एका पोरानं तुमचा लेख कापून दरवाज्यावर चिकटवला आणि त्याच रात्री टाइमटेबल बनवायला बसला. पाच रंगांचे स्केचपेन, इतिहास हिरवा, पॉलिटी म्हणजे राज्यघटना निळी, चहा 10 मिनिटं तो पण केशरी रंगात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन लॅमिनेशन करून आला. 4.30 ला उठणे असं वर लिहिलेलं. पहिल्या दिवशी उठला. दुसऱ्या दिवशी उठला. तिसऱ्या दिवशी रूमवर लाइट गेली, रात्रभर पंखा नाही, मे महिना, आपल्याकडे रात्रीसुद्धा भिंतीतून गरम वाफ निघते, बिचाऱ्याला डोळा लागला तो तीनला आणि उठला साडेसातला. मंग काय, म्हणे काका आता तर टाइमटेबलच बिघडलं, आज काही होत नाही. दिवसभर खुर्चीवर बॅग होती आणि पोरगा संध्याकाळी फुटाळा तलावावर. चौथ्या दिवशी आलाच नाही. का रे बाबा म्हटलं तर, "सोमवारपासून नीट सुरू करतो."

हा सोमवार मला चांगला माहीत आहे साहेब. माझ्या दारापाशी एक रजिस्टर असते, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. ठेवलं होतं फीच्या हिशोबासाठी, पण महिन्याच्या शेवटी चाळत बसलो की त्यात पोरांचं सगळं दिसते. मंगळवारी खाडा पडला की त्याच पोराची पुढची सही थेट पुढच्या सोमवारी. 23-24 तारखेला खाडा पडला तर मंग एक तारीख. फेब्रुवारीच्या शेवटी कोणी ढेपाळलं तर सरळ गुढीपाडवा. एक दिवस बुडाला होता, पाच दिवस आपण होऊन बुडवले. आणि ज्यांची पोस्ट निघाली त्यांची पानं बघा तर खाडे त्यांचे पण आहेत, बरेच आहेत, पण मंगळवारी खाडा तर बुधवारी सही आहे, कधी दुपारी अडीचला, कधी संध्याकाळी सहाला, पण आहे.

भंडाऱ्याकडची एक पोरगी होती माझ्याकडे, घरी धानाची शेती. कापणी आली की दहा-बारा दिवस गावी जावंच लागायचं, तिला कोण विचारते तुझं टाइमटेबल काय म्हणून. एकदा परत आली ती बसनं संध्याकाळी पाचला उतरून सरळ इथंच, हाताला धानाच्या पात्यांचे ओरखडे, पिशवी खुर्चीखाली ठेवली आणि वही उघडली. मी सहज डोकावलो. पानाच्या शेवटी जायच्या आदल्या दिवशी तिनं लिहून ठेवलं होतं, "आल्यावर: पान 112, उदाहरण 7 पासून, फक्त 10 करायचे." बस एवढंच. तिनं दहा गणितं केली, पाऊण तास लागला असंल, वही बंद केली आणि रूमवर जाऊन झोपली. मी म्हटलं एवढ्यासाठी आलीस काहून, उद्या सकाळी आली असतीस. तर म्हणे काका उद्या आली असती तर कुठून सुरू करू यातच दुपार गेली असती. आता ती सरकारी नोकरीत आहे, कुठं ते सांगत नाही, तिला आवडणार नाही.

ही युक्ती मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगून राहिलो आहे. रात्री अभ्यासावरून उठताना उद्याचं अख्खं वेळापत्रक लिहू नका, फक्त उद्याचं पहिलं काम लिहा आणि तेही इतकं बारीक की झोपेत पण कळलं पाहिजे. "इतिहास वाचणे" हे काम नाही, "पान 84, 1920 च्या नागपूर अधिवेशनापासून" हे काम आहे. शक्य असलं तर काम अर्धवट सोडून उठा, चॅप्टर संपवून उठलं की दुसऱ्या दिवशी नवीन चॅप्टर डोंगरासारखा दिसतो.

आता त्या 21 दिवसांचं. ते कुठून आलं हे मी मागे शोधलं होतं कारण पोरं मला येऊन सांगायची काका 22 वा दिवस आहे तरी सवय नाही लागली, माझ्यातच काहीतरी कमी आहे. अमेरिकेत मॅक्सवेल माल्ट्झ म्हणून प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी 1960 साली लिहिलं होतं की पेशंटला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी 21 दिवस लागतात. त्यातलं "कमीत कमी" रस्त्यात कुठंतरी गळलं आणि चेहऱ्याच्या जागी अभ्यास, जिम, पहाटे उठणं सगळं येऊन बसलं. नंतर लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सोबतच्यांनी 96 लोकांवर 12 आठवडे पाहिलं, 2009 मध्ये ते छापून आलं, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस निघाले, पण कोणाला 18 आणि कोणाला पुढच्या अंदाजाच्या हिशोबानं 254. आणि त्यातली माझ्या कामाची गोष्ट म्हणजे मधेच एखादा दिवस चुकला तर त्यानं सवयीचं खास काही बिघडत नाही असं त्यांना आढळलं. माझं रजिस्टर नऊ वर्षांपासून हेच बोंबलून राहिलं आहे. ही ओळ कोणत्याच पुरवणीत का येत नाही मला माहीत नाही, बहुतेक पहाटे 4 इतकी ती छान दिसत नसावी.

टायमरचं पण थोडं सांगतो. 25 मिनिटं काम 5 मिनिटं आराम, पोमोडोरो म्हणतात त्याला, इटलीच्या एका विद्यार्थ्यानं टमाट्याच्या आकाराच्या किचन टायमरवर सुरू केलं होतं. चांगलं आहे, सुरुवातीला आळस मोडायला तर फारच चांगलं. पण माझ्याकडच्या पोरांनी त्याचं ॲप शोधण्यात एक सकाळ घालवली, आणि ॲप फोनमध्ये, फोनमध्ये रील्स, म्हणजे 5 मिनिटांचे 40 झालेच. म्हणून मी इतवारी बाजारातून साधे चावीचे गजराचे घड्याळ आणून टेबलांवर ठेवले आणि फोनसाठी बाहेर लॉकर केलं. आणि पेपर सोडवताना 25 मिनिटांचा हिशोब विसरा. राज्यसेवा पूर्वपरीक्षेला जीएसचे म्हणजे सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न 2 तासांत, म्हणजे प्रश्नामागे 72 सेकंद, कंबाईनला 100 प्रश्न 1 तासात, म्हणजे 36, तिथं कोणी मधात चहाला सोडत नाही. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण पेपर न उठता, पाणी पण न पिता, घड्याळ लावून सोडवा. मला स्वतःला हे सहा वर्षांत कोणी सांगितलं नाही आणि मी पण शहाणपणा करत वाचतच बसलो.

त्या काळात मी एका मोटिव्हेशनच्या सेमिनारला पण जाऊन आलो होतो, तीन हजार भरले, एका हॉलमध्ये चारशे लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, शेजारच्याला मिठी मारली, अंगावर काटा आला हे खरं आहे, आणि येताना एक जाड डायरी दिली, रोज उद्दिष्ट लिहायची. त्याची 11 पानं भरली. पुढच्या पानांवर आमच्या घरी आता दुधाचा हिशोब असतो, आणि त्यात मात्र बायकोनं एकही दिवस कोरा सोडलेला नाही, लिहायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं लिहिते.

तर साहेब विनंती एवढीच आहे. निकाल लागला की तुम्ही टॉपर लोकांच्या मुलाखती घेता, रोज किती तास अभ्यास केला हे विचारता, तो 12 सांगतो, 14 सांगतो, आणि इकडे आठ तास बसणारा माझा पोरगा स्वतःला कमनशिबी समजतो. पुढच्या वेळी एक प्रश्न जास्तीचा विचारा, की तुमचा एखादा दिवस पूर्ण वाया गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी किती वाजता बसलात आणि आधी काय उघडलं. उत्तर छोटं असंल तरी चालंल, दोन ओळीत छापा.

तुमचा तो लेख मी दरवाज्यावरून काढला नाही, पोरानं हौसेनं लावला आहे. फक्त त्याच्याखाली मार्करनं लिहून ठेवलं की उशीर झाला असंल तरी आत या, कूलरजवळची जागा रिकामी आहे. तो गोंदियावाला काल आला, शनिवार होता, दुपारी चार वाजता.

आपला,
एक अभ्यासिकावाला
नंदनवन, नागपूर