हिशोबाची चिठ्ठी कुणी दिली?

संपादक महोदय,

जुन्या पेन्शनवरचा अग्रलेख कालच वाचला. रागात लिहायला नको म्हणून रात्र जाऊ दिली. पगार आणि पेन्शनचा बोजा तिजोरीला पेलवत नाही, हे आपण आकड्यांनिशी मांडले आहे. आकडे मी नाकारत नाही. पण माझा भाऊ त्या आकड्यांत कुठे बसतो, ते सांगा.

मी 1984 साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, तो 2006 साली. दोघांचे डी.एड., दोघांच्या नशिबी जनगणना, निवडणूक ड्युटी आणि खिचडीच्या नोंदी. पहिली तीन वर्षे त्याने शिक्षणसेवक म्हणून महिना 3000 रुपयांवर काढली. तो 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागला, एवढ्यासाठी मला जुनी पेन्शन आणि त्याला डीसीपीएस, म्हणजे पगारातून कापून साठवायची अंशदायी पेन्शन. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 10 टक्के दरमहा कापले जात. तेवढीच भर शासनाने घालायची. ती घातली की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जमा रकमेच्या हिशोबाची चिठ्ठी मागायला तो कार्यालयात जायचा. ‘वरून आलेली नाही’, हेच उत्तर. डिसेंबर 2017 मध्ये हृदयविकाराने तो गेला. कपाटात अकरा अर्जांच्या पोचपावत्या निघाल्या. चिठ्ठी एकही नाही.

पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी सांगितले. आम्ही निवृत्त मंडळी तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतो. त्या वर्षी कार्यक्रमाला माझे पाऊल उचलले नाही. भावजय दोन मुलांना घेऊन समोर बसली होती आणि डीसीपीएसमुळे तिला कुटुंब निवृत्तिवेतन नव्हते.

जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांनी मार्च 2023 मध्ये केलेल्या संपाला आपण ‘जनतेला वेठीस धरणे’ म्हणता. त्या संपानंतरच, 31 मार्चला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा शासन निर्णय निघाला आणि तिच्या घरात दरमहा पैसे येऊ लागले. लोक रस्त्यावर उतरले नसते तर ती आजही लोकांचे ब्लाउज शिवत बसली असती. हे आपल्या अग्रलेखात यायला हवे होते.

नव्या एकीकृत पेन्शन योजनेत (यूपीएस) निम्म्या पगाराची हमी आहे म्हणतात, पण ती पूर्ण मिळायला 25 वर्षे सेवा हवी. भरती वर्षानुवर्षे रखडते. सदतिसाव्या वर्षी लागलेला शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होताना ती 25 वर्षे कुठून भरणार?

आणखी एक. जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षकांची पेन्शन एक तारखेला का होत नाही, यावर आपण कधी लिहिणार? आज बारा तारीख आहे. माझ्या खात्यात अजून काहीही जमा झालेले नाही.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका