क्रँक मोजायला तालुक्यात मायक्रोमीटर पाहिजे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात नव्या गाड्यांची माहिती येते ती आमच्याकडे आवडीने वाचतात, पण आमच्या दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यातच म्हणा ना, खेड्यापाड्यात ज्या गाड्या फिरतात त्या बहुतेक दहा-पंधरा वर्षं जुन्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाच्या. मारुती 800 बनणं बंद झालं 2014 ला, तरी गावात अजून दिसते. रात्री बाईला डिलिव्हरीला न्यायचं, कोणाला साप चावला, हीच गाडी लागते. अशा गाडीचं इंजिन खालून ठोकायला लागलं की माणूस काय करतो? गॅरेजवाला म्हणते पूर्ण इंजिन करा, तेवढा पैसा कापूस विकल्याशिवाय हातात येत नाही, मग घरीच गोठ्यात नाहीतर कडूलिंबाखाली चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, खोलून कनेक्टिंगचे बेअरिंग बदलतात. चांगलं काम करणारे पोट्टे आहेत गावात, हाताला कसब आहे. अडते फक्त मापावर. म्हणून मागणी आधीच लिहून टाकतो, तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं हत्यार) आणि टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) आठवड्यातून एक दिवस बाहेरच्या लोकांसाठी खुला ठेवावा.

आता हे कायले पाहिजे ते सांगतो. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडते तो कनेक्टिंग रॉड. त्याच्या खालच्या टोकाला दोन अर्धगोल शेल असतात, हेच ते बेअरिंग, आणि त्यात क्रँक फिरतो. इंजिन चालू असताना क्रँक आणि शेल एकमेकाला लागतच नाहीत, मधात ऑइलचा पापुद्रा असतो, तोच सगळा भार पेलतो. हा पापुद्रा राहायला जी जागा ठेवतात ती बऱ्याच छोट्या इंजिनात 0.02 ते 0.05 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा बारीक. शेल घासून ही जागा वाढली की ऑइल बाजूने सांडून जाते, प्रेशर पडते, गरम इंजिन सावकाश चालत असलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि पेट्रोल दिलं की ठक-ठक आवाज येतो. त्या एका बेअरिंगमुळे बाकीच्यांनाही ऑइल कमी पडते, असं ते वाढत जाते.

आवाज कोणत्या सिलिंडरचा आहे ते शोधायला आपले जुने मिस्त्री एकेक सिलिंडर बंद करून पाहतात, ज्याच्यावर आवाज दबला तो घ्या. जुन्या डिझेलमध्ये इंजेक्टरचा नट ढिला करून पाहतात, पण नव्या डिझेलच्या, म्हणजे कॉमन रेलच्या, गाडीत हे कोणीच करू नका, तिथलं डिझेलचं प्रेशर हजार बारच्या वर जाते आणि ती धार चामडी फोडून आत घुसते. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली झोपू नका, मजबूत ठोकळे लावा, चाकाला दगड लावा.

आमच्या शेजारचा पोरगा आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेला, त्याने गोठ्यात एक गाडी खोलली तेव्हा मी पूर्ण वेळ उभा होतो. चेंबर उतरवल्यावर त्याने पेपर अंथरला, एक-दोन-तीन लिहिलं आणि ज्या रॉडची कॅप, म्हणजे खालचा सुटा होणारा अर्धा भाग, त्याच्याच आकड्यावर ठेवली, कारण कॅप त्याच रॉडवर आणि त्याच दिशेने बसली पाहिजे, अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही. मग शेल दाखवले. वरचा, म्हणजे रॉडकडचा शेल जास्त खाल्लेला, कारण स्फोटाचा दणका त्याच्यावर येतो. करड्या रंगाचा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. क्रँकवर नख फिरवून म्हणाला, "काका, नख अडकत नाही, म्हणजे ओरखडा नाही, पण गोल आहे का चपटा झाला ते नखाले नाही समजत."

हीच गोष्ट आहे साहेब. क्रँक चपटा झालेला असला तर नवीन शेल थोडेच दिवस टिकतात. तो लेथवाल्याकडे नेऊन ग्राइंड करावा लागतो आणि मग 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर अंडरसाइजचे, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारे, शेल लागतात. स्टँडर्ड लागतील का अंडरसाइज हे मापल्याशिवाय दुकानदारही सांगू शकत नाही, आणि क्रँक आधी कधी ग्राइंड झाला असेल तर तिसऱ्या मालकाला ते माहीतच नसते. मायक्रोमीटर नाही म्हणून लोक अंदाजाने स्टँडर्ड आणतात, ढिलं वाटलं की कॅप कानशीने घासतात, नाहीतर शेलच्या मागे पत्री घालतात. दोन्ही वाईट. कॅप घासली की भोक लांबट होते आणि रॉड कायमचा जाते. मागे पत्री घातली की शेल रॉडला नीट चिकटत नाही, गरमी निघत नाही, तो फिरून ऑइलचं भोक बंद करू शकते. मागची बाजू कोरडी आणि स्वच्छच पाहिजे, ऑइल फक्त क्रँककडच्या बाजूला लावायचं.

त्या पोराने प्लास्टिगेज आणलं होतं, मऊ प्लास्टिकचा बारीक धागा असतो. कोरड्या क्रँकवर त्याच्या लांबीच्या दिशेने तुकडा ठेवला, कॅप पूर्ण आवळली, क्रँक जराही न फिरवता परत खोलली आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्ट्यांशी जुळवला, जास्त पसरला तर जागा कमी, कमी पसरला तर जागा जास्त. फार चांगली सोय आहे, पण तिलाही टॉर्क पाना लागतोच, कारण प्रत्येक इंजिनचा आवळायचा आकडा वेगळा, काही इंजिनात आकड्यानंतर अजून काही डिग्री फिरवायचं असते आणि तिथले बोल्ट एकदाच वापरायचे असतात. नुसत्या हाताच्या जोरावर आवळलं तर कुठे ढिलं राहते, कुठे बोल्ट ताणते, आणि रोडवर बोल्ट तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येते.

अजून एक आपल्या भागाचं सांगतो, कारण हे पुस्तकात ठळक लिहिलेलं नसते. आमचे पांदणरस्ते आणि खड्डे असे आहेत की चेंबर दगडाला लागून खालून दबते, आणि आत ऑइल ओढणारी पंपाची जाळी त्याच्या तळापासून थोडीच वर असते. तळ वर आला की जाळीला ऑइल ओढता येत नाही, गेजच्या काडीवर लेव्हल बरोबर दिसते आणि बेअरिंग उपाशी मरतात! चेंबर ठोकून सरळ न करता, जाळी न धुता नुसते शेल बदलले तर तेच दुखणं परत येणार. फाटलेला एअर फिल्टर पण पहा, उन्हाळ्यातली धूळ तिथूनच ऑइलमध्ये जाते. सगळं बसवल्यावर एकदम गाडी चालू करू नये, स्पार्क किंवा डिझेल बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत-थांबत सेल्फ मारावा.

आता आयटीआयकडे येतो. तिथे मोटर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकच्या पोरांना मायक्रोमीटर धरायला शिकवतात, म्हणजे हत्यार आहे, शिकवणारे निदेशक आहेत. गावातल्या माणसाने ते विकत घेतलं तर वर्षानुवर्षं पेटीत पडून राहते. बाजाराच्या दिवशी दुपारी दोन-तीन तास निदेशकांच्या देखरेखीत पोरांनी लोकांचे क्रँक मापून कागदावर लिहून द्यावं, क्रँक गाडीतच असेल आणि आणता येत नसेल तर डिपॉझिट ठेवून मायक्रोमीटर आणि टॉर्क पाना एक दिवस द्यावा. पोरांनाही खरं घासलेलं काम हातात मिळते. पावती फाडून फी घ्या, आम्ही द्यायला तयार आहोत.

तुमच्या बातमीदारांनी जिल्ह्यातल्या आयटीआयच्या प्राचार्यांना हे विचारावं आणि कोण हो म्हणते, कोण नाही म्हणते आणि कोणत्या नियमामुळे, ते छापावं ही विनंती. उन्हाळ्यात विचारलं तर बरं, पेरणी लागली की कोणाला गाडीखाली झोपायला वेळ नसते.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ